गुरुवारी, दुसऱ्याच्या हातचं

तीनशे दहा पोरं. चार दिवस.
मसूर, भात, मसूर, मासा.
गुरुवारी शाळेच्या भटारखान्यात
माझ्या जागी बदली बाई येते
आणि मी कादिसभर
दुसऱ्याच्या हातचं खात हिंडते.

एप्रन दाराआडच्या खिळ्याला.
बोटांना लसणीचा वास तसाच,
तो काही सुट्टी घेत नाही.

सकाळी मंडईच्या मागच्या अंगाला लोरेतोची टपरी.
सोऱ्यातून कढईत
पिठाचं लांबच लांब वेटोळं सोडते,
कात्रीनं तोडते, कागदावर टाकते,
वर बघत नाही.
साखर मागितली तर मात्र बघते.
उभ्यानं खायचं, खांबाला टेकून,
कॉफीचा पेला मासळीवाल्याच्या बर्फाशेजारी ठेवून.
खुर्ची नाही. सव्वीस वर्षं नाही.
एकदा विचारलं, तर म्हणाली,
बसलं की माणसं बोलायला लागतात.

दुपारी एकाला ऊन असं
की पांढऱ्या भिंतींकडे बघवत नाही.
तिन्ही बाजूंनी समुद्र चमकतो,
चौथ्या बाजूनं बस येते.

सेर्वान्दोकडे आत काळोख नि गारवा.
पिंपातली शेरी, खारवलेला टूना, चार बदाम.
हिशोब तो लाकडी फळीवरच मांडतो,
खडूनं, तुमच्या कोपराशेजारी.
कोपर घसरलं की एखादा युरो कमी होतो.
मी कोपर सांभाळते,
सगळेच सांभाळतात असं नाही.
निघताना ओलं फडकं फिरवतो:
"चला, कुणी कुणाचं देणं नाही."
या वाक्यासाठी मी
बदाम नको असतानाही घेते.

बंदरात मोठी बोट लागली असेल
तर त्या अंगाला जाऊ नये,
असं मीच सगळ्यांना सांगते.
चित्रांचा मेनू, दगडी पाटीवर वाढलेलं,
थेंबाथेंबानं काढलेली हिरवी नक्षी.
भाचा खेर्मान तिथं वेटर. काळा शर्ट.
ओळख न दाखवता मला "बाईसाहेब" म्हणाला.
टूनावर फेस होता,
भांडी घासताना असतो तसा.
मी काटा उचलला तो भांडायच्याच तयारीनं.

मीठ बरोबर होतं.
वाईट वाटलं.
हे आजवर कुणाला बोलले नाही.

आणि मग, पोटात जागा नसतानाही,
चानोचं तळणीचं दुकान.
बेसनात जवळा, कांद्याची पात,
कडा इतक्या जाळीदार
की आरपार गल्ली दिसावी.
हा चानो दुसरीत मसूर खिशात भरायचा.
त्याच्या आईची चिठ्ठी आहे माझ्याकडे:
"कृपया खिशांवर लक्ष ठेवा."
आता तो मुशी तळतो,
जिरं नि व्हिनेगरात रात्रभर मुरवलेली,
कागदाचा कोन माझ्या हाती देतो
आणि रांगेतली गिऱ्हाइकं तशीच ठेवून
माझ्या तोंडाकडे बघत राहतो.

"मीठ?"

"किंचित कमी."

कमी नसतं.
पण बत्तीस वर्षं पोरं मला
ताटं परत देत आलीत, एकानंही
कारण सांगितलेलं नाही.
निदान यानं विचारलं तरी.

धक्क्याच्या कठड्यावर बसते.
पूर्वेचा वारा, आमचा लेवांते, सुटलेला.
हॉटेलवाले खुर्च्या साखळीनं बांधतात,
कुणाची तरी टोपी समुद्राकडे निघालेली,
मागून एक जाडा गृहस्थ, मग त्याची बायको,
ती पळत नाही, नुसतीच हसते.
शेवटचा तुकडा मी हातानं झाकून खाते,
वाऱ्यापासून की पक्ष्यांपासून, ठाऊक नाही.

कचऱ्याचा डबा लांब.
तेलकट कागद खिशात कोंबते.
डाग पडणार. पडू दे.

उद्या शुक्रवार.
तीनशे दहा.
रात्री मासा बर्फातून काढून ठेवायला हवा.